विहिरीवरची जहाजाची घडी

...आन् मंग तो जळगाव जामोदचा घड्याळवाला मले म्हणते, "आबा, याच्यातलं सारं भंगार काढून फेकू, आतमधी एक सेलवाली मशीन बसवून देतो, वर्षभर पाहाचं काम नाही!" सेल! तुमाले सांगतो, माह्या मांडीवर पाच किलोचं पितळ, वरून बोटभर जाडीचं भिंग, आत चाकं अशी का एकात एक, एकात एक, आन् हा बाप्पा म्हणते सेल टाकतो! अरे, बुढ्याचा गुडघा दुखला तं गुडघ्याले तेल लावते का बुढाच बदलून आणते? पण म्या वाद घातला नाही. घडी पुन्हा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधली, त्याचा चहा पेलो, चहा चांगला होता, आन् मलकापूरच्या यष्टीची वाट पाहत फाट्यावर बसलो. दोन यष्ट्या भरून गेल्या, तिसरी थांबलीच नाही. मले काई घाई नव्हती.

आता तुम्ही म्हणसान, उकंडराव, तुमची सत्तरी उलटली, शाळेचं तोंड तुम्ही पाह्यलं नाही, घड्याळातले आकडे तुमाले वाचता येत नाही, मंग काऊन ते धूड पोटाशी धरून तालुके पालथे घालून राह्यले? सांगतो ना. तेच तं सांगून राह्यलो.

ही घडी जहाजावरची. समुद्र म्या जलमात पाह्यला नाही, माह्या बापानंही नाही. बाप मलकापूरले एका कापसाच्या जिनात इंजिनावर होता, तिथल्या गोऱ्या सायबानं जहाजावरून काढलेली ही घडी भितीले ठोकली होती. पुढं सायब गेला, जिन बंद पडलं, भंगारवाला आला, तं बापानं त्याले दोन पायल्या जवारी देऊन घडी ठेवून घेतली. माय दोन महिने बापासंग बोलली नाही. बाप म्हणे, घडी चालू हाये तोवर मले बोलण्याची कमी नाही.

आन् वाजे कशी! तुमची-आमची घडी बाराले बारा ठोके देते, हो का नाही? हे नाही. हे बाराले आठ देते. चाराले आठ. सकाळच्या आठाले आठ, संध्याकाळच्या आठाले आठ. मधात दर अर्ध्या तासाले एक, मंग दोन, मंग तीन, अशी पायरी पायरी चढत जाते, आन् आठ झाले का खतम, पुन्हा एकापासून सुरू. आन् ठोके बी जोडीजोडीनं, टन-टन... टन-टन... बापाले सायबानं सांगतलं होतं का जहाजावर माणसाईच्या बाऱ्या चार-चार तासाच्या राहतात, आठ टोल पडले का थकला तो झोपाले जाते, झोपला तो कामाले येते. काटे पाहाचं कामच नाही. आंधळ्यानं ऐकावं, अडाण्यानं मोजावं.

तं आमच्या विहिरीले चार हिस्सेदार आन् इंजिन एक, डिझेलचं. इजेच्या लाइनीवर कोण भरोसा ठेवते? बापानं ही घडी इंजिनघरात टांगली आन् चार हिस्स्याच्या चार बाऱ्या बांधून देल्या. पहाटी चारच्या टोलापासून माणिकराव. आठपासून तानाबाई. बारापासून आमी. चारपासून रात्रीच्या आठपर्यंत आसिफचा बाप, आता आसिफ. बारा ते चारचं ऊन कोणाले नको होतं, म्हणून ते आमच्याकडं आलं. आठ टोल पडले का पहिल्यानं पाण्याचं बारं मोडावं, दुसऱ्यानं धरावं. बाप गेल्यापासून, म्हणजे एकतीस वर्षं, घडीले किल्ली मी देतो. एकतीस वर्षात एक शिवी नाही, एक तंटा नाही. नाल्यापलीकडं ऐकू जाये घंटी.

आन् दसऱ्याच्या तोंडावर ती बंद पडली.

बीटीच्या पऱ्हाटीचं, कपाशीचं, तं तुमाले माईतच हाये. पिशवीवर बोंडं अशी छापेल का जसे लग्नातले लाडू. बोंडं धरतात बी, झूट काऊन बोलू, पण ऐन बोंडं भरतानी तिले पाणी पाह्यजे म्हणजे पाह्यजेच. चार दिवस चुकले का पानं लाल, कळ्या-पात्या खाली, आन् मंग माणूस धुऱ्यावर बसून नुसता पिशवीवरचं चित्र पाहते. मागच्या दोन सालात आजूबाजूच्या किती जणाईनं वावर पडीक टाकून सुरतचा रस्ता धरला. आमचे चार हिस्सेदार टिकले ते या विहिरीपाई. आन् विहीर टिकली ते घडीपाई.

आसिफ म्हणे, "आबा, काहाले टेन्शन घेता? मोबाईल हाये ना!" मोबाईल तिघाईजवळ होते. आन् टाइम बी तीन होते! माणिकरावचा मोबाईल, त्याची बारी संपाले आली का असा रेंगाळे, असा रेंगाळे, जशी पोरगी सासरी जातानी. तानाबाईचा मोबाईल सात वाजून पन्नासलाच आठ वाजवे. ते इंजिनाजवळ कमरेवर हात ठेवून उभी, "माणिकराव, झाले आठ, सोडा पाणी!" आन् हा हातात मोबाईल धरून, "माह्यात पाह्य ना, माह्यात कुठं झाले?" ते म्हणे, "मोबाईल तुहा, त्याच्यात तुहेच आठ वाजतीन, माहे कधी वाजतीन?" तिसऱ्या दिवशी माणिकरावनं तिचा पाइप उचलून नाल्यात फेकला. तानाबाई काई कमी नाही, एकटीनं सहा एकर वाहणारी बाई हाये ते, तिनं इंजिनाचं हँडल काढलं, घरी नेलं, आन् जवारीच्या कणगीत लपवलं. घ्या! चार हिस्सेदार, एक इंजिन, आन् हँडल कणगीत! माणिकराव म्हणे, "मी कोर्टात जातो, हिस्से फोडतो." ते म्हणे, "जाय, पण जातानी मोबाईलचा टाइम मिळवून जाय, नाही तं तारीख हुकन."

मले सांगा, हिस्से फोडून एका विहिरीच्या चार विहिरी होतात का? पऱ्हाटी इकडं मान टाकून राह्यली. म्या घडी उतरवली. रुखमाबाई म्हणे, "अहो, कधी येसान?" म्या म्हटलं, "ते चालू झाली का." म्हणे, "आन् नाही झाली तं?" म्या म्हटलं, "मले काई घाई नाही." तिनं चार भाकरी जास्त बांधल्या. पन्नास वर्षाच्या संसाराची बायको हाये, तिले माईत हाये, मी घाई नाही म्हटलं म्हणजे आता हा माणूस हालत नाही.

तं जळगाव जामोदचं सेलचं झालं सांगून. मलकापुरात फकीर मोहम्मद मिस्त्री भेटला. दुकान म्हणजे दोन माणसं शिरली का तिसऱ्यानं श्वास बाहेर घ्यावा. डोळ्याले ते भिंगाचं डबडं लावलं, घडी उघडली, आतल्या चाकावरून बोट फिरवून वास घेतला. मंग हळूच म्हणे, "चाचा, इसमें तेल कौनसा डाला?"

म्या म्हटलं, "करडीचं."

"करडीचं?"

"घाणीचं. चोख. दर दिवाळीले, पहिल्या आंघोळीच्या दिवशी." आता तुमीच सांगा, घरात ढोराईले तेल लावतो, पोराईले लावतो, नांगराच्या फाळाले लावतो, मंग वर्षभर जे आपल्यासाठी वाजते तिले कोरडी ठेवाव? रुखमाबाई तं उटणंही घेऊन निघाली होती, म्या नाही म्हटलं, म्हटलं लोखंडाले सोसाचं नाही.

मिस्त्रीनं कपाळाले हात लावला. "चाचा, एकतीस दिवाळीचं तेल! चाक फिरून नाही राह्यलं आतमधी, चिखलात रुतलेली बंडी हाये हे. ही मागं पडत असन रोज?"

म्या म्हटलं, "पडे ना. रोज पाऊण तास. पण त्याचं काही नाही, मी जेवतानी रेडिओ लावतो, एक वाजताचे टूं-टूं झाले का काटा पाऊण तास पुढं ढकलतो. बस. घडी हाजीर."

"रोज?"

"रोज. रेडिओ चुकला तरी मी चुकत नाही."

त्यानं सारं खोललं. रॉकेलच्या बशीत चाकं भिजवली, ब्रशानं घासली, कमान काढली, पुसली, पुन्हा बसवली. तिसऱ्या दिवशी टिक-टिक सुरू झाली आन् तुमाले सांगतो, माह्या छातीतलं काहीतरी जाग्यावर आलं. पण बारा वाजले, आन् तिनं आठ टोल देले, आन् मिस्त्री म्हणे, "या अल्ला, अभी ये बाकी है क्या! बारा बजे आठ? मारते बी अडखळत. थांबा, ठोक्याचं चाक सरळ करून देतो, बरोब्बर बारा वाजवन."

म्या घडीवर दोन्ही हात ठेवले. "हात नको लावू."

"चाचा, गलत हाये ते."

"बरोबर हाये ते."

"अहो, दुनिया बाराले बारा ठोके देते!"

"दुनिया विहिरीवर नाही येत."

आन् बसून राह्यलो. त्याले जहाजाचं सांगतलं, सायबाचं सांगतलं, बाऱ्याईचं सांगतलं, कणगीतल्या हँडलचं सांगतलं. त्याले पटे ना. गिऱ्हाईक आलं का तो माह्याकडं बोट दाखवे, "ये चाचाची घडी बाराले आठ वाजवते आन् चाचा म्हणते बरोबर हाये." लोक हासत. हासू द्या. मी भाकर सोडो, कांदा फोडो, त्यालेही देवो. दुपारी त्याची पोरगी अमीना डबा घेऊन आली, तं तिनंच त्याले झापलं, "अब्बा, त्याईची घडी हाये, त्याईले आठ पाह्यजे तं आठ राहू द्या ना, तुमचं काय जाते?" मिस्त्री म्हणे, "माझं नाव जाते." म्या म्हटलं, "आठाचे बारा झाले तं माही विहीर जाते." मंग त्यानं मुकाट्यानं झाकण लावलं. पण घडी माह्या हाती देतानी म्हणे, "वाजते उलटी, पण चालीत आता मिनिटाचा फरक आला तं माह्या तोंडावर आणून मारा." आन् खरंच तुमाले सांगतो, लय हुनरमंद माणूस. घरी आल्यावर रेडिओचे टूं-टूं आन् काटा, दोघं एकाच दमात! म्या काटा ढकलाले बोट नेलं आन् बोट तसंच वापस.

हँडल कणगीतून निघालं. माणिकरावनं नाल्यातला पाइप सोतः धुवून आणून देला. पहिले आठ टोल पडले तं आसिफनं टाळी वाजवली. झालं, म्हटलं, उकंडराव, सुटले तुम्ही.

चौथ्या दिवशी माणिकराव आला. तोंड पडेल. "आबा, माही एक सरी कोरडी राहून राह्यली."

म्या म्हटलं, "इंजिन थकलं असन."

"इंजिन नाही थकलं. दर बारीत तीस सऱ्या भिजत होत्या, माह्या बापापासून तीस. आता एकोणतीसाव्या सरीवर आठ टोल पडतात."

त्याच्या मागं तानाबाई. "आबाजी, माह्या डबकीत डिझेल उरून राह्यलं. कधी उरत नव्हतं. बारी बरोबर डिझेल, डिझेल बरोबर बारी. कुठं तरी बारी आखडली."

संध्याकाळी आसिफ. त्याचीही एक सरी. सज्जन पोरगा हाये, नुसता धुऱ्यावरून माह्या वावराकडं पाहत राह्यला. आन् माह्या वावरात, तुमाले काय सांगू... माह्या वावरात चार सऱ्या जास्त भिजेल होत्या! नाल्याकडच्या चार. त्या चार सऱ्या माह्या हयातीत धड पिकल्या नाही. पाणी तिथवर पोचेच ना. म्या जमिनीले दोष देला, बियाण्याले देला, बीटी लावून पाह्यली, रुखमाबाईनं तिथं नारळ बी फोडला. आन् आता पाणी तिथं खेळून राह्यलं, जसं रोजचंच हाये.

माणिकराव काय म्हणाव? चारचौघात म्हणे, "तिघाईची एकेक गेली, बुढ्याच्या चार वाढल्या. बुढा सहा दिवस मलकापूरले घडी दुरुस्त कराले नव्हता गेल्ता, फिरवाले गेल्ता." तानाबाई खाली पाहत होती. मले तेच लागलं. शिवी देली असती तं चाललं असतं. एकतीस वर्षं किल्ली माह्या हातात, आन् आज ते बाई माह्या तोंडाकडं पाहत नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा घडी, पुन्हा फडकं, पुन्हा यष्टी, पुन्हा मलकापूर. मिस्त्रीले म्हटलं, "तोंडावर मारत नाही, पण समजून सांग. समजेपर्यंत बसतो. मले काई घाई नाही." तो म्हणे, "माईत हाये, चाचा." त्यानं सारं ऐकलं, आन् हासलाच नाही. चार गिलास चहा मागवला. म्या म्हटलं, चार काहाले, आपण तं दोघं. म्हणे, "पीना नहीं, देखना है."

चार गिलास ओळीनं मांडले. म्हणे, "हा माणिकराव, हे बाई, हे तुम्ही, हा आसिफ. घडी मागं पडे म्हणजे काय? तिचे चार तास खऱ्या चार तासाहून मोठे. बरोबर? सगळ्याईच्या बारीत थोडं थोडं जास्त." म्या म्हटलं, "बरोबर. म्हणजे सगळ्याईले सारखंच." म्हणे, "सारखं कुठं? दिवस तं तेवढाच राहते. हे जास्तीचं कुठून आलं?" आन् माह्या गिलासातला चहा घोट-घोट बाकीच्या तिघाईत ओतला. "एक वाजता तुम्ही काटा पुढं ढकलत होते. तव्हा बारी कोणाची चालू राहे?"

म्या गिलासाकडं पाह्यलं. तीन काठोकाठ. माहा बराच खाली.

"तुमची, चाचा. पाऊण तास तुम्ही दररोज आपल्या हातानं आपल्याच बारीतून काढत होते. एकतीस वर्षं."

जेवतानी! तुमाले सांगतो, जेवतानी! एका हातात भाकर, दुसऱ्या हातानं आपलंच पाणी दुसऱ्याच्या वावरात! आन् वरून खुशीत, का आपण लय इमानदारीनं घडी मिळवून राह्यलो!

मी ते चहाचं गावात येऊन इंजिनघरासमोर पुन्हा केलं. चौघं बसेल. चार गिलास. ओतला. सगळ्याईले समजलं. आसिफचे डोळे पाणावले. म्हणे, "आबा, अब्बापासून आमी तुमचं पाणी घेऊन राह्यलो का?" तानाबाई पुढं सरकली, माहा हात धरला, म्हणे, "आबाजी, काल म्या तुमच्याकडं पाह्यलं नाही, मले माफी करा." माणिकरावनं माहा गिलास उचलून पाह्यला. मंग घसा खाकरला. म्या म्हटलं, आता हा बी माफी मागते.

म्हणे, "आबा, एक सांगू? तुमच्या त्या चार सऱ्याईले पाण्याची सवय नाही. बीटी हाये. एकदम पाणी जास्त झालं तं पिवळी पडन."

तानाबाई म्हणे, "पडते. माह्या भावाची पडली."

आसिफ म्हणे, "मंग... आबाचंच नुकसान हाये याच्यात."

झालं ना! घडी बंद पडल्यापासून ज्याईचं एका गोष्टीवर जमलं नव्हतं, ते माह्या पिकाच्या काळजीनं एका खाटीवर येऊन बसले! माणिकराव तानाबाईले इचारते, "बाई, तुमचं काय मत?" ते म्हणते, "तुम्ही म्हणता तसं." बाई! तुम्ही! म्या पाह्यलं, ज्या माणसानं हिचा पाइप नाल्यात फेकला, तो हिले चहाचा गिलास पुढं करून राह्यला... माहाच गिलास होता तो, पण असो. मी उद्या खरी घडी धरून बसलो तं परवा हँडल पुन्हा कणगीत, हे मले आकडे न वाचता बी समजते. पाणी माहं, मान्य. पण चार सऱ्या भिजवाले हे खाट मोडाची का? म्या मनात पक्कं केलं. आन् एकदा पक्कं केलं का मी मंग बैल हाये.

तिसऱ्यांदा मलकापूर. मिस्त्रीले म्हटलं, "रोज पाऊण तास मागं पडन अशी करून दे."

तो भडकलाच! "चाचा, मी घडी सुधारतो! लोकाईच्या बिघडेल घड्या सुधारतो! माह्या हातानं चालती घडी बिघडवू? अल्लाले काय तोंड दाखवू?" म्या फडकं पसरलं, भाकर काढली, कांदा काढला. म्हटलं, "मले काई घाई नाही." पहिला दिवस तो दुसऱ्याच घड्या खोलत राह्यला. दुसऱ्या दिवशी म्हणे, समोरच्या दुकानात जा, तो न सांगता बिघडवते. तिसऱ्या दिवशी अमीना डबा घेऊन आली, माह्याकडं पाह्यलं, बापाकडं पाह्यलं, म्हणे, "अब्बा, हे आता ईद इथंच करतीन." मंग त्यानं झाकण उघडलं. आत एक एवढीशी काडी, नखाएवढी, घडीची चाल कमी-जास्त करते ते, म्या एकतीस वर्षं ते शोभेची समजत होतो. तोंड दुसरीकडं फिरवून, डोळे मिटून त्यानं ते काडी नखानं सरकवली. मोजून पाह्यलं, पुन्हा सरकवली. चहा पाजला. मजुरी घेतली नाही. म्हणे, "कोणाले सांगू नका, फकीर मोहम्मदनं केली म्हणून."

आता ते इंजिनघरात टांगेल हाये. रोज पाऊण तास मागं पडते, रोज एक वाजता मी जेवतानी काटा पुढं ढकलतो, आता समजून ढकलतो एवढंच. तिघाईच्या तीस-तीस सऱ्या. नाल्याकडच्या चारात म्या हरभरा टाकला, त्याले पाण्याचं कौतुक नाही.

काल तानाबाई बारी सोडून चालली होती, आठ टोल पडले, ते थांबली, कान देला, डबकी हालवून पाह्यली, डिझेलचा थेंब नाही. लय समाधान झालं तिले. म्हणे, "आबाजी, आता कशी बरोबर झाली! पहिल्या खेपीले त्या मिस्त्रीनं काई धड दुरुस्त नव्हती केली."

म्या म्हटलं, हाव बाई... त्यानं तं पार बिघडवूनच देली होती.